लिंबू, डाळिंबाची साल आणि बिब्बा : सोरायसिसवर फळातलं नेमकं काय लागू पडतं?

प्रश्न : आम्ही अंबड तालुक्यातले, चार एकर मोसंबी आहे. आमच्या मालकांना (वय ४१) सहा वर्षांपासून सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे आणि डोक्यात चट्टे आहेत. डॉक्टरांनी कॅल्सिपोट्रिऑल आणि स्टेरॉइडचं एकत्र मलम दिलं होतं. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडलं. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुचवल्या होत्या, त्या भीतीने सुरूच केल्या नाहीत. मार्चमध्ये मोबाइलवर बघून त्यांनी कोपरावर लिंबू चोळलं आणि वावरात गेले. तिसऱ्या दिवशी हातावर फोड आले, आता काळे ओघळ राहिलेत आणि त्यावर नवे चट्टे उठतायत. सासूबाई म्हणतात, बिब्बा लावा. एक जण डाळिंबाच्या अर्काच्या कॅप्सूल विकतोय, दोन महिन्यांचे ३,४०० रुपये. माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्याही कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या घडीत खाज असते. तिला मेडिकलवाल्याने एक मलम दिलंय. फळांपासून औषधं बनतात असं वाचलं, मग घरच्या फळांनी गुण का येत नाही?

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी मालकांच्या हाताबद्दल, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या काळ्या ओघळांतच आहे.

लिंबाच्या रसात, आणि त्याहून कितीतरी जास्त सालीच्या तेलात, सोरालिन गटातली द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं, की उन्हातले अतिनील ए किरण त्यांना चेतवतात. मग ती पेशीच्या डीएनएला चिकटतात आणि पेशी भाजल्यासारखी मरते. ही भाजणूक लगेच कळत नाही. दोन-तीन दिवसांनी ती पुरती वर येते, म्हणून तुम्हाला फोड तिसऱ्या दिवशी दिसले. पुढे काळा डाग पडतो आणि तो रस जसा ओघळला तसाच उमटतो. म्हणूनच हातावर चट्टा न दिसता ओघळ दिसतात. डाग काही आठवडे ते काही महिने राहतात आणि आपोआप फिके होतात. तोवर पूर्ण बाहीचा सुती शर्ट घालू द्या. डाग घालवायला पुन्हा लिंबू, टोमॅटो किंवा बेसन चोळू नका.

डागांवर नवे चट्टे का उठले? सोरायसिसच्या कातडीला इजा झाली, की इजेच्या जागी रोग उगवतो. खरचटणं, भाजणं, खाजवणं, घट्ट पट्ट्याचं घर्षण, यातलं काहीही पुरतं. डॉक्टर याला कोबनर परिणाम म्हणतात. इजेनंतर साधारण दहा ते वीस दिवसांत नवा चट्टा दिसतो. तुमचा हिशेब तंतोतंत जुळतो. सोरायसिसवर कुठलाही घरगुती उपाय ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारायचा : याने कातडी चुरचुरणार, भाजणार किंवा सोलवटणार आहे का? उत्तर हो असेल, तर तो उपाय रोग वाढवणारा आहे.

आता हेही सांगायला हवं, की ज्या सोरालिनने हात भाजला, त्याच गटातल्या द्रव्यापासून सोरायसिसचा एक जुना आणि खरा उपचार तयार झाला. नाईलच्या खोऱ्यात उगवणारी अम्मी मेजस ही ओवा-कोथिंबिरीच्या कुळातली वनस्पती. तिच्या फळांतून मेथॉक्सॅलेन काढलं गेलं. इजिप्तमध्ये ते आधी कोडावर वापरलं, आणि १९७४ साली सोरायसिसवरचा मेथॉक्सॅलेन अधिक अतिनील ए हा उपचार प्रसिद्ध झाला. त्याला पुवा म्हणतात. आपल्याकडच्या बावचीतही सोरालिन असतं. पण पुवात गोळी वजनाप्रमाणे मोजून देतात, साधारण दोन तासांनी रोग्याला यंत्रात उभं करतात, किरणांचा डोस मोजतात आणि हळूहळू वाढवतात, त्या दिवशी डोळ्यांना खास चष्मा लावायला सांगतात. एवढी काळजी घेऊनही शेकडो बैठकांनंतर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून आता बहुतेक ठिकाणी त्याऐवजी ३११ नॅनोमीटरचे अतिनील बी किरण देतात. त्यात सोरालिन लागतच नाही. अर्धं लिंबू आणि मार्चचं ऊन यात द्रव्य किती, किरण किती, किती वेळ, यातलं काहीच मोजलेलं नसतं. बावचीचं तेल लावून उन्हात बसण्याचंही तेच. त्याने आलेले फोड लिंबापेक्षाही वाईट असू शकतात.

फळ आणि औषध यांच्यातला दुसरा फरक कातडीच्या वेशीवरचा आहे. कातडीचा सगळ्यात वरचा थर आत शिरणाऱ्या गोष्टींना अडवण्यासाठीच आहे. त्वचाशास्त्रात एक ढोबळ नियम वापरतात : ज्याचा रेणुभार ५०० च्या वर, ते सहसा धड कातडीतून आत जात नाही. डाळिंबाच्या सालीत ज्याचं कौतुक होतं त्या प्युनिकॅलॅजिनचा रेणुभार १,०८० च्या वर आहे. मोसंबी-संत्र्याच्या सालीतलं हेस्पेरिडिन ६१० चं. आंब्याच्या सालीत आणि पानात असलेलं मँगिफेरिन ४२२ चं आहे, पण ते ना पाण्यात नीट विरघळतं ना तेलात, त्यामुळे तेही बरंचसं वेशीवरच अडतं. सोरालिन मात्र १८६ चं, बारीक आणि तेलात विरघळणारं. ते झटक्यात आत जातं आणि म्हणूनच भाजतं. घरी वाटलेल्या लेपात बहुतेक वेळा असंच होतं. दाह कमी करू शकणारं द्रव्य बाहेर राहतं आणि आग करणारं आम्ल, चीक, तेल आत शिरतं.

डाळिंबाची साल दुधात वाटून लावली तर वर तुरट टॅनिनचा पापुद्रा बसतो. तो वाळला की कातडी ताणते, भेगा पडतात. चट्टा थोडा वेळ सपाट दिसतो, एवढंच. खाल्लेल्या डाळिंबाची गोष्ट वेगळी आहे. आतड्यातले जिवाणू त्यातून युरोलिथिन नावाची छोटी द्रव्यं तयार करतात आणि दाहावर त्यांचा काय परिणाम होतो याचा अभ्यास चालू आहे. पण प्रत्येकाच्या आतड्यात युरोलिथिन-ए तयार करणारे जिवाणू नसतात, म्हणजे तीच कॅप्सूल दोघांनी घेतली तरी दोघांच्या रक्तात सारखं काही पोचत नाही. द्राक्षातलं रेझव्हेराट्रॉल, सफरचंदातलं क्वेर्सेटिन यांचीही तीच अडचण : पोटातून रक्तात गेलं की यकृत त्याला लगेच दुसरे रेणू जोडून बाहेर काढायच्या मार्गाला लावतं. काचेच्या ताटलीत पेशींवर जेवढं द्रव्य ओततात, तेवढं माणसाच्या कातडीपर्यंत पोचतच नाही.

‘संशोधनाने सिद्ध’ असं लिहिलेल्या बहुतेक कॅप्सूलमागे उंदरांवरचे प्रयोग असतात. उंदराच्या पाठीवर इमिक्विमॉड नावाचं मलम काही दिवस लावून सोरायसिससारखी लाली आणतात आणि मग फळाचा अर्क देऊन ती कमी होते का ते पाहतात. मलम थांबवलं की ती लाली आपोआप ओसरते. मालकांचा सहा वर्षांचा सोरायसिस तसा ओसरणारा नाही. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा : कॅप्सूलमध्ये कुठलं द्रव्य किती मिलिग्रॅम आहे, माणसांवर कशाशी तुलना करून तपासलं, आणि तपासणीत किती जण होते. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. ३,४०० रुपये ठेवून द्या, डॉक्टरांकडे जाण्यायेण्याला आणि मलमाला लागतील.

बिब्बा मात्र अजिबात नको. सासूबाई चांगल्या मनाने सांगत असतील, आणि गोडंबी आपण खातो म्हणून बिब्बा घरचाच वाटतो. पण गोडंबी म्हणजे आतला गर. धोका सालीतल्या काळ्या तेलकट रसात आहे, ज्याने पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करत. त्यातली भिलावनॉल ही द्रव्यं कातडीत शिरून तीव्र ॲलर्जी उठवतात. एक-दोन दिवसांत लावल्या जागेच्या पलीकडेही फोड, सूज, पाणी येतं. बिब्बा उतला की काय होतं ते मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. सोरायसिसच्या माणसाला बिब्बा उतला, तर त्या प्रत्येक जागी चट्टा उगवू शकतो. आंब्याच्या चिकातली द्रव्यं बिब्ब्याच्याच जवळची आहेत, म्हणून ज्याला बिब्बा उतलेला आहे त्याला केसर आंबा उतरवतानाही अंगावर फोड येऊ शकतात. देठाचा चीक अंगावर पडला तर लगेच साबणाने धुवायचा. आणि डोक्यातल्या खवल्यांसाठी कुणी सीताफळाच्या बियांची पूड सुचवली, तर तीही नको. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते आणि नजरेचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

मग फळातलं काहीच चालत नाही का? चालतं, आणि ते तुमच्या स्वयंपाकघरात आहे. नारळ हे फळच. त्याच्या तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि ते इसबाच्या कातडीवर वाढणाऱ्या स्टॅफ जंतूंना मारक आहे. २०१४ साली फिलिपीन्समधल्या एका चाचणीत इसब असलेल्या ११७ मुलांना ८ आठवडे व्हर्जिन खोबरेल किंवा खनिज तेल लावलं. इसबाची तीव्रता मोजणारा गुणांक खोबरेलवाल्यांत सरासरी ६८ टक्क्यांनी उतरला, खनिज तेलवाल्यांत ३८ टक्क्यांनी. फळातून आलेल्या वस्तूसाठी हा दमदार पुरावा आहे, आणि तो इसबासाठी आहे. मुलीच्या कोपर-गुडघ्याच्या घडीतली खाज बहुधा इसबाची आहे, म्हणजे हा तिच्या कामाचा. सोरायसिसवर खोबरेल औषध नाही, फक्त खवले मऊ करतं. परदेशी एव्होकॅडो फळाच्या तेलात ब-१२ जीवनसत्त्व मिसळलेल्या मलमाची सोरायसिसवर चाचणी झाली आहे. पण त्यात जेमतेम १३ रोगी होते, त्यावर कुणी पैसे घालवू नयेत. मिरचीतलं कॅप्सेसिन ०.०२५ टक्क्यांच्या मलमात सोरायसिसची खाज कमी करतं. वाळलेल्या तिखट मिरचीत ते याच्या कित्येक पट असतं, तेव्हा मिरचीचा लेप हा उपाय नव्हे. ऑलिव्हचं तेल ‘भारी’ म्हणून आणू नका. ते कातडीचा वरचा थर कमजोर करतं. इथे पिकणारी करडई लिनोलिक आम्लाने श्रीमंत असते, ती त्या दृष्टीने बरी.

मुलीचं आधी. तिचं मेडिकलवाल्याचं मलम बंद करण्याआधी ट्यूबवरची नावं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन असं स्टेरॉइड आणि सोबत बुरशीचं नि जंतूंचं औषध असेल, तर ते तीन-चार औषधांचं मिश्रण आहे. मुलांच्या घडीत जोरकस स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे लावलं, की कातडी पातळ होते. गजकर्ण असेल तर ते झाकलं जातं आणि आतून पसरतं. कडा उठलेली आणि मध्ये साफ अशी गोल वर्तुळं दिसत असतील, तर इसब नसून गजकर्ण असण्याचीच शक्यता जास्त. तिला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच.

रोजचं असं करा. अंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटं. बोअरचं पाणी कडक असेल तर साबणाचा फेस येत नाही, म्हणून आपण जास्त साबण लावतो आणि तो अंगावर बसून राहतो. साबण फक्त काखा, जांघा, पाय यांनाच, तोही सौम्य आणि बिनवासाचा. संत्र्याच्या सालीचं उटणं बंद. त्यातलं लिमोनीन हवेने जुनं झालं की ॲलर्जी करतं. अंग टॉवेलने टिपा, घासू नका. थोडं ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. घड्यांना दिवसातून दोनदा, अंगाला एकदा. खोबरेल घेताना बाटलीवर घटकांत फक्त खोबरेल तेल असं असावं. कापूर, सुगंध, जास्वंद नको. हिवाळ्यात ते थिजतं, तेव्हा बोटांवर घेऊन दोन्ही तळव्यांत चोळलं की वितळतं. बाटली चुलीजवळ ठेवायची गरज नाही. नवीन बाटली आधी मनगटाच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, दिवसातून दोनदा सात दिवस लावून बघा. लाली आली नाही तर बाकी अंगाला. आंबट फळं तिला बंद करू नका. तोंडाभोवती रस लागून चुरचुरत असेल तर खाण्याआधी ओठांभोवती जेलीचा हात फिरवा. एखादं फळ खाल्ल्यावर दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, तरच ते थांबवून डॉक्टरांना सांगा. घडीतून पाणी आलं, मधासारखी पिवळी खपली धरली, किंवा ताप येऊन दुखणारे बारीक फोड एकसारखे उठले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मालकांचं मलम दोन आठवड्यांत सोडलं, तिथे गडबड झाली. कॅल्सिपोट्रिऑलला चार ते आठ आठवडे द्यावे लागतात, आणि बहुतेक वेळा ते पुरेसं लावलंच जात नाही. माप असं : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत मलमाची एक रेघ काढली, की साधारण अर्धा ग्रॅम होतो, आणि तो दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतो, बोटं धरून. चारही चट्टे मिळून चार तळवे भरत असतील, तर रोज दोन रेघा म्हणजे १ ग्रॅम, महिन्याला ३० ग्रॅम. जुनी ट्यूब काढून बघा. त्या दोन आठवड्यांत साधारण १४ ग्रॅम संपलं नसेल, तर औषध फसलं असं म्हणता येणार नाही. ते लागलंच नव्हतं. कॅल्सिपोट्रिऑल आम्लात मोडतं. त्यावर लिंबू तर नाहीच, सॅलिसिलिक आम्लाचं मलमही त्याच वेळी त्याच जागी नको. चेहऱ्याला आणि घड्यांना लावू नये, लावल्यावर हात धुवावेत. ट्यूब जुनी असेल तर तारीख बघा, आणि डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करा. सध्या भाजलेल्या जागी मलम नको, तिथे फक्त पेट्रोलियम जेली.

डोक्यासाठी रात्री केसांची भांगं पाडत खवल्यांवर कोमट खोबरेल मुरवा, जुनं फडकं बांधा, सकाळी डॉक्टरांनी सांगितलेला डांबराचा शाम्पू पाच मिनिटं ठेवून धुवा. मऊ झालेले खवले आपले आपण सुटतात. फणीने उकरून काढायचे नाहीत. खालून रक्ताचे बारीक ठिपके दिसले, तर इजा झाली आणि कोबनरला दार उघडलं.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या त्या गोळ्या बहुधा मेथोट्रेक्सेटच्या असाव्यात. भीती कशाची, ते नीट समजून घ्या. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते, म्हणून एक वार ठरवून कॅलेंडरवर खूण करायची. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, दारू बंद, आणि घरात मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. नीट घेतली तर अनेकांना चांगला गुण येतो. त्याऐवजी सायक्लोस्पोरिन दिलं, तर पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद ठेवावं लागतं, कारण त्यातली द्रव्यं औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. मोसंबीच्या बागेत राहून हे लक्षात ठेवायचं : घरचं मोसंबी खाल्लं तर हरकत नाही, पाहुण्याने आणलेलं पपनस मात्र नको.

कुणाची बिननावाची पुडी किंवा ‘एका इंजेक्शनात साफ’ हा प्रकार धोक्याचा. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आठवड्यात कातडी लख्ख होते, आणि ते बंद झालं की सोरायसिस उसळून सगळं अंग लाल पडतं किंवा पू भरलेले फोड येतात. अंग लाल, हुडहुडी, ताप असं झालं तर घरी वाट बघू नका. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, यातलं जे जवळ असेल ते गाठा.

मालकांना एवढं विचारून ठेवा : सकाळी उठल्यावर सांधे अर्धा तासाहून जास्त आखडतात का, एखादं बोट सगळं सुजून येतं का, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत का. यातलं काही असेल तर सोरायसिस सांध्यापर्यंत पोचला असेल. सांधा एकदा झिजला की परत येत नाही, तेव्हा ही गोष्ट पुढच्या भेटीत डॉक्टरांना पहिली सांगा. दवाखान्यात जाताना दोघांच्या सगळ्या ट्यूबा, गोळ्यांची पाकिटं आणि त्या कॅप्सूलची जाहिरात एका पिशवीत घ्या. हातावरच्या ओघळांचा मार्चमधला फोटो मोबाइलमध्ये असेल तर तोही दाखवा, आणि लिंबू लावलं होतं हे लपवू नका. ते सांगितलं नाही, तर त्या ओघळांवरचे चट्टे म्हणजे रोग आपोआप भडकला असं वाटेल आणि मालकांना लागतं त्याहून जोराचं औषध चालू होईल.